पाच पट्ट्यांची गिटार

मनोहरराव भोयरांच्या घरी झोपाळा आहे, पण तो हलत नाही. सागवानाचा पाट, ट्रक ओढता येईल असल्या साखळ्या आणि छतातून आरपार काढलेले चार बोल्ट. त्यावर चार माणसं बसली काय नि आठ बसली काय, त्याला काही फरक पडत नाही. एकट्या माणसाने पायाने रेटा दिला तर मात्र झोपाळा वीतभर पुढे जातो, जरा विचार करतो आणि परत येऊन थांबतो. मनोहररावांनी तो बायकोसाठी केला होता. प्रेमिलाताई पहिल्या दिवशी बसल्या, दोनदा रेटा दिला आणि "छान आहे" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेव्हापासून झोपाळ्यावर घड्या घालायचे कपडे पडून असतात.

मनोहरराव जन्मभर सरकारी खात्यात पूल बांधत आले. मोठे नव्हेत, नाल्यावरचे, ओढ्यावरचे, खेड्यातली एसटी जाईल असे. पण त्यांच्या एकाही पुलाला तडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मठ्ठा येईपर्यंत कळलेली असे. हिशेबात जेवढं लोखंड लागे, त्याच्यावर ते आपल्या मनाच्या समाधानासाठी थोडं घालत. निवृत्त झाल्यावर पूल संपले, समाधान मात्र शिल्लक राहिलं, आणि ते घरावर उतरलं. पोळपाट असा केला की भांडी घासणारी बाई तो जागच्या जागीच पुसून घेई. गच्चीवर कपडे वाळत घालायची दांडी अशी बसवली की उद्या घर पडलं तरी दांडी उभी राहावी. हे सगळं प्रेमिलाताईंसाठी होतं आणि यातलं काहीही प्रेमिलाताई आपण होऊन वापरत नसत. हे मनोहररावांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि लागतही होतं. एक तरी वस्तू अशी व्हावी की जी ती स्वतःहून हातात घेईल, एवढीच त्यांची इच्छा होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रेमिलाताईंना दाढेने छळलं. रामदासपेठेत दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं ठेवून बसायची वेळ आली, आणि वरच्या मजल्यावरून काहीतरी ऐकू येऊ लागलं. कुणीतरी एकाच वेळी गिटार वाजवत होतं, तिच्यावर टिचक्या मारत होतं आणि तिच्याशी भांडतही होतं. दाढेचं काम संपलं त्या दिवशी प्रेमिलाताई खाली उतरायच्या ऐवजी वर गेल्या. वर गौरांग नावाच्या तरुणाचा क्लास होता. तो स्पेनमध्ये काही काळ राहून फ्लेमेन्को, म्हणजे तिथलं गिटारवादन, शिकून आला होता आणि आता नागपुरात ते शिकवून पोट भरत होता, म्हणजे बहुतेक वेळ सिनेमातली गाणी शिकवत होता. साठीची बाई फ्लेमेन्कोच शिकायचं म्हणते, हे ऐकून त्याने दोनदा विचारलं. प्रेमिलाताईंनी दोनदा हो म्हटलं.

क्लासमधली गिटार त्या घरी आणून वाजवू लागल्या. नखांनी तारा झाडायच्या आणि मधूनच बोटाने लाकडावर ठोका द्यायचा, असा तो प्रकार.

"वाजवून राहिली का दार ठोकून राहिली वं?" मनोहररावांनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"दोन्ही," प्रेमिलाताई म्हणाल्या.

क्लासची गिटार जूनपर्यंत परत करायची होती. मे महिन्याच्या शेवटी क्लासचा कार्यक्रम होता आणि त्यात प्रेमिलाताई वाजवणार होत्या. मनोहररावांनी जाहीर केलं की गिटार आपण घरीच करू. तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीला इंग्रजीत ब्रिज म्हणतात, हे कळल्यावर तर हे आपल्याच खात्याचं काम आहे अशी त्यांची खात्री पटली.

प्रेमिलाताईंनी क्षणभर झोपाळ्याकडे पाहिलं. "करा," त्या म्हणाल्या. "पण मले आवडली तरच वाजवीन. नाही आवडली तर तोंडावर सांगीन. झोपाळ्याच्या वेळी गप्प बसली, तशी नाही बसणार."

झोपाळ्याबद्दल एवढं स्पष्ट त्या प्रथमच बोलल्या होत्या. मनोहररावांना पाणी प्यावंसं वाटलं.

गिटारीचा आवाज वरच्या फळीतून निघतो. ही फळी पातळ असते, आणि तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून तिला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. कुठे, किती आणि कशा, यावरच सगळा खेळ. मनोहररावांनी या विषयाचा महिनाभर अभ्यास केला. कुणी हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या पाच पट्ट्या लावतं, कुणी सात, कुणी त्यांच्याखाली आडव्या तुळया देतं. सहा तारांची ओढ मिळून चाळीस किलो. त्यावर ही बाई ठोके मारणार, म्हणजे वरून धक्क्याचा भार. तिन्ही रचनांचे गुणदोष त्यांनी कागदावर समोरासमोर मांडले आणि नीट विचार करून तिन्ही निवडल्या.

पहिली गिटार तयार झाली तेव्हा ती उचलायला दोन हात लागत. पट्ट्या सागवानाच्या होत्या. प्रेमिलाताईंनी ती मांडीवर घेतली, तारा झाडल्या, एक ठोका दिला आणि ती परत टेबलावर ठेवली.

"कपाट आहे हे," त्या म्हणाल्या. "चांगलं कपाट आहे. पण कपाट आहे."

तरीही मनोहररावांसोबत त्यांनी ती क्लासमध्ये नेली. गौरांगने गिटार उलटसुलट केली, तारा छेडल्या आणि बराच वेळ शब्द शोधले. "काका, याच्यावर माणूस उभा राहू शकते," तो म्हणाला.

मनोहररावांनी हे कौतुक म्हणून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी गिटार फरशीवर ठेवली, चपला काढल्या आणि तिच्यावर उभे राहून पाहिलं. गिटारीला काही झालं नाही. हे त्यांनी आत जाऊन प्रेमिलाताईंना सांगितलं.

प्रेमिलाताई भाजी निवडत होत्या. "मले तिच्यावर उभं नाही राहाचं," त्या म्हणाल्या, "मले ती वाजवाची आहे." आणि कार्यक्रमाला क्लासचीच गिटार घेणार असंही त्यांनी सांगून टाकलं.

मनोहररावांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गौरांगकडे गेले. गौरांगने खालच्या डॉक्टरकडून दात बघायचा आरसा मागून आणला आणि क्लासच्या गिटारीच्या भोकातून आत धरला. आत पाच पट्ट्या होत्या. आगपेटीतल्या काड्यांपेक्षा थोड्या जाड, टोकाला झिजत झिजत गेलेल्या. फळी दोन मिलिमीटर.

"एवढ्यावर टिकते?" मनोहररावांनी विचारलं.

"टिकते म्हणजे, काका, तुटाच्या थोडी अलीकडे थांबवतात," गौरांग म्हणाला. "ठोका दिला की झटक्यात बोलली पाहिजे न् झटक्यात गप्प झाली पाहिजे. जाड केली की मग ती विचार करत बसते."

मनोहररावांना घरातला झोपाळा आठवला.

दुसऱ्या गिटारीसाठी ते लकडगंजात रुपरावांच्या आरा मशीनवर गेले. रुपराव जुन्या ओळखीचे. आजवर या साहेबाने त्यांच्याकडून चौकटीशिवाय दुसरं काही कापून घेतलं नव्हतं. साहेबाने मागच्या आणि कडेच्या फळ्यांसाठी शिवणीचं हलकं, पांढुरकं लाकूड निवडलं आणि जाडी सांगितली, तेव्हा रुपरावांनी मशीन बंद केली.

"यवढी पातळ? संत्र्याचे खोके करून राहिले का साहेब?"

"गिटार आहे."

"मंग बरोबर," रुपराव म्हणाले. त्यांना गिटारीतलं काही कळत नव्हतं, पण साहेबाचा चेहरा बघून त्यांनी वाद घातला नाही.

वरची फळी स्प्रूस नावाच्या विलायती लाकडाची, ती बंगळूरहून मागवली होती. एप्रिल लागला होता. मागच्या खोलीत मनोहररावांनी टेबल मांडलं आणि रंदा चालवायला घेतला. प्रेमिलाताई स्टूल घेऊन समोर बसल्या. मनोहरराव थोडं तासत, फळी उचलून त्यांच्या कानाशी धरत, आणि त्या बोटाने ठोकून ऐकत.

"अजून?" मनोहरराव विचारत.

"अजून," त्या म्हणत.

लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं झाली होती. एवढ्या काळात मनोहररावांनी "बस झालं का?" हे पुष्कळदा विचारलं होतं, पण उत्तर ऐकायला थांबले नव्हते. आता थांबावं लागत होतं. फळी हातात थरथरायला लागली तरी त्या अजून म्हणत. छिलपे एवढे पातळ निघत होते की पंख्याच्या वाऱ्याने दाराबाहेर जात. प्रत्येक छिलप्याबरोबर आपल्या नोकरीतलं काहीतरी उडून चाललं आहे असं त्यांना वाटत होतं. तरी सकाळचे ते दोन तास त्यांना आवडायला लागले होते, हेही खरं.

पट्ट्यांचा दिवस आला.

"पाच," प्रेमिलाताई म्हणाल्या.

"पाच आहेतच. एक सहावी लहानशी, खालच्या अंगानं. दिसणार पण नाही."

"आतली कोणतीच दिसत नाही. पाच."

"तू ठोके मारणार. धक्क्याचा भार येते—"

"पाच," प्रेमिलाताई म्हणाल्या आणि सहावी पट्टी उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पुढे ती गॅसच्या ओट्याखालचं दार अडकवायला उपयोगी पडली.

पाच पट्ट्या सरसाने चिकटल्या. पण जन्मभराची सवय एका दिवसात कशी जाणार? आत लाकूड घालायची बंदी झाली तेव्हा मनोहररावांची काळजी दुसऱ्या दाराने बाहेर पडली. स्लॅब टाकल्यावर त्यावर दिवसेंदिवस पाणी मारतात, ओली तरटं टाकतात, तेव्हा तो पक्का होतो. हे त्यांनी शेकडो वेळा करून घेतलं होतं आणि हयगय करणाऱ्या ठेकेदारांना शेकडो वेळा झापलं होतं. त्यांनी मागच्या खोलीच्या खिडक्यांना ओली तरटं टांगली आणि कूलर दिवसभर सुरू ठेवला. आख्खं नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना त्या एका खोलीत भिंतीला हात लावला तर ओल लागत होती.

"हे तरट काहून?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"क्युरिंग."

"लाकडाले?"

"सगळ्यालेच लागते."

प्रेमिलाताईंना शंका आली. पण पाचाच्या मुद्द्यावर त्या जिंकलेल्या होत्या, आणि खोली गारही होती. त्यांनी जाऊ दिलं. त्या ओल्या खोलीतच पट्ट्या बसल्या, त्या ओल्या खोलीतच गिटार जोडली गेली.

तारा चढवल्या त्या संध्याकाळी मनोहरराव खोलीच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. फळी आता दुमडेल, मग दुमडेल, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. प्रेमिलाताईंनी बोटं झाडली. आवाज असा निघाला की समोरच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत आल्या. प्रेमिलाताईंनी ठोका दिला. गिटार बोलली आणि गप्प झाली. पुन्हा दिला, पुन्हा बोलली.

त्यांनी मान वर केली. "हो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी मनोहररावांना मागच्या खोलीतून गिटार ऐकू आली. त्यांनी सांगितलं नव्हतं, आठवण केली नव्हती, विचारलंही नव्हतं. ते पांघरूण अंगावर घेऊन पडून राहिले आणि ऐकत राहिले. इतका आनंद त्यांना त्यांच्या पहिल्या पुलावरून एसटी गेली तेव्हाही झाला नव्हता. आनंद झाला म्हणून त्यांनी कूलरमध्ये आणखी एक बादली पाणी ओतलं.

कार्यक्रम मेच्या शेवटच्या रविवारी होता. हॉल रामदासपेठेतच, एसी. बाहेर शेहेचाळीस. मनोहररावांनी गाडीत गिटारीवर ओला टॉवेल टाकायचा प्रस्ताव मांडला आणि प्रेमिलाताईंनी तो फेटाळला. तापलेल्या गाडीतून गिटार थंड, कोरड्या हॉलमध्ये गेली. मनोहररावांनी रुपरावांनाही आग्रहाने बोलावलं होतं, कारण कुणाला तरी आपली गिटार दाखवायची होती आणि पुलासारखी ती खाली उभं करून दाखवता येत नव्हती, ऐकवावी लागत होती. दोघं तिसऱ्या रांगेत बसले.

प्रेमिलाताई मोरपंखी साडी नेसून खुर्चीवर बसल्या. सुरुवात सावकाश केली, मग लय वाढवली. लोक ताठ होऊन ऐकू लागले. बोटं झाडली जात होती, ठोके पडत होते. मनोहरराव मनातल्या मनात प्रत्येक ठोका फळीवर कुठे पडला ते बघत होते. आणि मधेच, एका ठोक्याच्या किंचित मागून, "टक्" असा आवाज आला. मोठा नव्हता. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.

हॉलमध्ये तो आवाज दोनच माणसांना कळला. प्रेमिलाताईंनी वाजवता वाजवता एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. आवाजात थोडी खरखर आली. त्यांनी लय कमी केली नाही, ठोकेही कमी केले नाहीत, शेवटपर्यंत नेलं. टाळ्या पडल्या. मनोहरराव टाळ्या वाजवायच्या अवस्थेत नव्हते.

"मधातला तो एक ठोका," रुपराव त्यांच्याकडे वाकून म्हणाले, "टक् करून वाजला तो. तो मस्त जमला वहिनीले."

घरी आल्या आल्या दिवाणखान्यात प्रेमिलाताईंनी गिटार टेबलावर ठेवली. घोडीपासून खालच्या कडेकडे, लाकडाच्या रेषेरेषेने, बोटभर लांबीचा तडा गेला होता. मनोहररावांच्या आयुष्यातला पहिला.

प्रेमिलाताईंनी साडीचा पदर खोचला आणि त्या गिटारीकडे बघत उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मीच पाच पाच करून राहिली होती. तुमचं आयुष्य गेलं याच्यात, मले काय कळते? टाका तुम्हाले जितक्या टाकाच्या तितक्या."

हे ऐकायला मनोहरराव पस्तीस वर्षं थांबले होते. झोपाळा, पोळपाट, दांडी, सगळं या एका वाक्यात बरोबर ठरत होतं. सहावी पट्टी ओट्याखाली होतीच. त्यांनी डॉक्टरांना परत द्यायचा राहिलेला दाताचा आरसा आणि टॉर्च आणली आणि गिटारीच्या आत पाहिलं.

पाचही पट्ट्या जागच्या जागी घट्ट होत्या. एकीचंही टोक सुटलेलं नव्हतं. भाराने तुटलं असतं तर आधी पट्टी हलली असती. त्यांनी पट्ट्यांचा विचार सोडून बाहेरून फळीवर तळवा फिरवला. करताना ती किंचित फुगीर ठेवली होती. आता मधोमध खोल गेली होती. मग गिटारीच्या मानेवरून बोट नेलं, तर पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या पितळी तारांची, टोकं दोन्ही कडांना टोचली. काल टोचत नव्हती. पितळ वाढलेलं नव्हतं. लाकूड आखडलं होतं.

पाणी पिऊन फुगलेल्या लाकडावर त्यांनी पट्ट्या डकवल्या होत्या. मग ते लाकूड नागपूरच्या मे महिन्यात आणि एसीत नेलं. लाकडाला आखडायचं होतं, पट्ट्यांनी ते धरून ठेवलं होतं, आणि मधे जागा ठेवलेली नव्हती. पुलाच्या दोन स्लॅबमध्ये उन्हाळ्यासाठी फट ठेवायची असते, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येक पोराला घोकून घोकून शिकवलं होतं.

प्रेमिलाताई वाट बघत होत्या. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. मान डोलावली की झालं. पुढची वीस वर्षं या घरात त्यांना कुणी अडवलं नसतं. मनोहररावांनी टॉर्च बंद केली.

"पाच बरोबर होत्या," ते म्हणाले.

"मंग?"

"तरट चुकलं."

प्रेमिलाताईंना समजायला थोडा वेळ लागला. मनोहररावांनी फळीवर हात ठेवून सगळं सांगितलं, ओल, आखडणं, फट.

"म्हणजे मी आत लाकूड घालू देलं नाही," प्रेमिलाताई सावकाश म्हणाल्या, "तर तुम्ही पाणी घातलं."

"हो."

"मजबूत हो म्हणून."

"हो."

त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसले. मग त्यांना हसू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मनोहररावांना वाईट वाटत होतं, पण ती रडत नाही हे बघून बरंही वाटलं.

तरटं दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली. गिटार काही दिवस नुसती कोरड्या खोलीत ठेवली, काहीही न करता, आणि काहीही न करणं हे मनोहररावांना सगळ्यात जड गेलं. मग तड्यात स्प्रूसचीच केसासारखी बारीक काडी सरसाने बसवली, आणि भोकातून हात घालून आतून तड्यावर एक ठिगळ लावलं. अंगठ्याच्या नखाएवढं.

प्रेमिलाताईंनी आरसा धरला होता. त्यांनी आत पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "एकच?"

मनोहररावांचा हात खिशाकडे गेला होता. खिशात आणखी तीन ठिगळं तासून ठेवलेली होती. हात तसाच बाहेर आला. "एक पुरे," ते म्हणाले.

तारा चढल्या. वरून बारीकशी रेघ दिसत होती, आवाज पहिल्यासारखा निघत होता. मनोहरराव मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. स्टूल आणि पाना घेऊन ते दिवाणखान्यात आले आणि झोपाळ्याच्या साखळ्या वर कुठे अडकवल्या आहेत ते बघू लागले.

"हे काय करून राहिले?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"हलका करतो याले. हलला पाहिजे न."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. पाटावरचे कपडे त्यांनी एका बाजूला सारले, झोपाळ्यावर बसल्या आणि गिटार मांडीवर घेतली. "वाजवाले हलणारा झोपाळा काय कामाचा?"

त्यांनी पाय जमिनीवरून उचलून एकावर एक घेतले आणि बोटं झाडली. झोपाळा जागचा हलला नाही. मनोहरराव पाना हातात धरून स्टुलावर उभे राहिले आणि तिथूनच ऐकू लागले.